बुडबुड्यांचा हिशेब

२०२५ च्या आखाजीला लेक पुण्याहून माहेरी आली ती हातात एक खोकं घेऊन. "आई, आता दुकानातून सोडा आणायचा नाही. घरीच करायचा!" खोक्यातून निघाली एक जाड भिंतीची बाटली, तिच्यावर बसवायचं झाकण आणि बोटाएवढ्या पोलादी कार्ट्रिजच्या तीन डब्या. बाटलीत गार पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, कार्ट्रिज बसवून फिरवायचं. फुस्सकन आवाज झाला की वायू पाण्यात शिरला. बाटली चार वेळा हलवायची, झाला सोडा. सासूबाईंनी पहिला पेला घेतला, नाकात झिणझिण्या आल्या म्हणून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगं, हा तर बाजारच्यासारखाच लागतोय!"

मला त्या यंत्राचं कौतुक वाटलं ते वेगळ्याच कारणानं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात बाईने दुकानात जाऊन सोड्याची बाटली मागणं सोपं नाही. सासूबाईंना जेवणानंतर अर्धा पेला सोडा लागतो, ही वीस वर्षांची सवय. पण मी दुकानात "एक सोडा द्या" म्हटलं की दुकानदार न विचारता तो वर्तमानपत्रात गुंडाळतो. बाजूला उभं असलेलं कुणीतरी हसतं. "काय वहिनी, आज पाहुणे वाटतं?" सोड्याला बिचाऱ्याला दारूची संगत लागली आणि ती बदनामी आपल्या पिशवीत येऊन पडली. घरात सोडा तयार होणार म्हणजे हा ताप गेला, हाच माझा पहिला आनंद. दुसरा आनंद बचतीचा. आणि गडबड झाली ती त्या दुसऱ्या आनंदात.

बचत गटाची मासिक बैठक माझ्याच ओसरीवर असते. त्या दिवशी मी सगळ्यांना घरचा लिंबूसोडा पाजला आणि मोठ्या तोऱ्यात हिशेब सांगितला. दुकानात पाऊण लिटरची बाटली वीस रुपयांना. म्हणजे लिटर पडतो साडेसव्वीसला. घरी काय, पाणी नळाचं! मी अर्थातच लिंबाचे आणि साखरेचे पैसे धरले होते, त्यामुळे आपण अगदी काटेकोर आहोत असंही मला वाटत होतं.

बैठक संपल्यावर आमची सचिव मागे थांबली. तिला विचारूनच हे लिहिते आहे, नाव मात्र घालत नाही. तिच्या नवऱ्यानं सात महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. संध्याकाळी सात वाजले की त्याच्या हाताला चैन पडायचं नाही. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाशी बोलून त्यांनी एक मार्ग काढला होता, थंडगार सोड्यात लिंबू आणि काळं मीठ. प्रत्येकाला हा मार्ग मानवेल असं नाही, एखाद्याला सोडा पाहूनच जुनी आठवण यायची. त्याला मात्र मानवला. रोज दोन बाटल्या, म्हणजे दीड लिटर. महिन्याला बाराशे रुपये. "दारूपुढे हे काहीच नाही हो ताई," ती म्हणाली, "पण सोडा मिळतो कुठे? चौकातल्या त्याच दुकानात. बाजूलाच ते दुसरं दुकान. जुने दोस्त तिथेच उभे. मी गेले तर मला टोमणे आणि हे गेले तर माझा जीव टांगणीला. घरीच झाला तर…"

मी म्हटलं, "घे. बिनधास्त घे."

तिनं गटाकडून अडीच हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. व्याज आमच्या नेहमीच्या दरानं, शेकडा दोन रुपये महिना. ठरावावर सही माझी. यंत्र आलं चोवीसशेला, सोबत काही नव्हतं. कार्ट्रिजची दहाची डबी वेगळी, साडेतीनशेला.

दीड महिन्यानं ती वही घेऊन आली. गटाची सचिव ती, तिच्या वहीत पै न् पै असते. तिनं न बोलता वही माझ्यापुढे उघडून ठेवली. पंचेचाळीस दिवसांत सात डब्या, दोन हजार चारशे पन्नास रुपये. दुकानातून आणला असता तर अठराशे. म्हणजे घरचा सोडा साडेसहाशेनं महाग पडला होता. त्यात यंत्राचे चोवीसशे आणि व्याज धरलेलंच नव्हतं.

माझे कान तापले. चूक कुठे झाली ते कळायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. माझ्या घरात कार्ट्रिज लेकीनं आणल्या होत्या. तीन डब्या. त्या संपल्याच नव्हत्या, त्यामुळे मी विकत घेतल्याच नव्हत्या. लेकीच्या पर्समधून गेलेले पैसे माझ्या हिशेबात फुकट झाले होते. एरवी मीच बायकांना सांगत फिरते की घरातल्या म्हशीचं दूध फुकट नसतं, तिच्या ढेपेचे आणि आपल्या हातांच्या कष्टाचे पैसे धरा. आणि मीच…

असो. चूक झाली म्हणून नुसतं हळहळून सचिवबाईंचे पैसे परत येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एस.टी. स्टँडमागच्या सोड्याच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत जुनं भरणी यंत्र, दुसऱ्या खोलीत हिरवट गोळीच्या बाटल्यांचे क्रेट. चालवणाऱ्या चाचांना आम्ही लहानपणापासून ओळखतो. पण बायका आत येऊन "चाचा, सोड्यात खर्च कशाचा येतो?" असं विचारतील हे त्यांना अपेक्षित नव्हतं. आधी त्यांना वाटलं आम्ही वर्गणी मागायला आलोय.

चाचांनी कोपऱ्यातली उंच टाकी दाखवली. तिच्यात तीस किलो कार्बन डायऑक्साइड मावतो. ने-आण धरून त्यांना टाकी पडते बाराशेच्या आसपास. म्हणजे किलोला चाळीस रुपये. आणि सचिवबाईंच्या कार्ट्रिजमध्ये किती? डबीवर छापलेलंच आहे, आठ ग्रॅम. आठ ग्रॅमला पस्तीस रुपये. मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं आणि दोनदा तपासलं. किलोला चार हजार तीनशे पंचाहत्तर!

तोच वायू. चाचांच्या टाकीतल्या आठ ग्रॅमची किंमत होते बत्तीस पैसे. उरलेले चौतीस रुपये अडुसष्ट पैसे त्या पोलादी कुपीचे, ती भरण्याचे, तिच्या डबीचे, वाहतुकीचे, जाहिरातीचे आणि विकणाऱ्यांच्या नफ्याचे. आणि ती कुपी एकदा भोक पडलं की भंगारात. यात कुणी फसवणूक केली असं मी म्हणत नाही. भाव डबीवर होता, वजन डबीवर होतं. भागाकार तेवढा आमच्याकडून राहिला.

पण एक गोष्ट मात्र मला खटकते. यंत्राच्या खोक्यावर "बचत करा" मोठ्या अक्षरांत आणि एका लिटरला वायूचा खर्च किती, हे कुठेच नाही. मिक्सर घेताना आपण वॉट बघतो, फ्रीज घेताना विजेचे तारे बघतो. जे यंत्र स्वस्तात घेऊन पुढे आयुष्यभर त्याची सामग्री विकत घ्यावी लागते, त्याच्यावर त्या सामग्रीचा लिटरमागचा खर्च छापायला काय हरकत आहे? मागणी आपणच करायला हवी. दुकानात उभं राहून विचारायचं, "यंत्राचं राहू द्या, पुढच्या वर्षभराचं सांगा."

चाचांनी आम्हाला आणखी एक शहाणपण दिलं. "बेटी, पाणी गरम असेल तर गॅस पाण्यात बसतच नाही, उडून जातो." घरी येऊन लेकीला फोन लावला, ती विज्ञानाची. तिनं सांगितलं की बर्फाच्या पाण्यात जेवढा वायू विरघळतो त्याच्या जेमतेम निम्मा वीस अंशाच्या पाण्यात विरघळतो. आणि मे महिन्यात आमच्या खानदेशात माठातलं पाणीसुद्धा वीस अंशांचं नसतं, नळाचं तर बोलायलाच नको. सचिवबाई संध्याकाळी घाईघाईत माठाचं पाणी भरत होत्या. सोडा मिळमिळीत लागला की दुसरी कार्ट्रिज. तेव्हा ज्यांच्याकडे असं यंत्र आधीच आहे त्यांनी एवढं करावं: पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं, बाटलीवरच्या खुणेपर्यंतच भरावं, वायू सोडल्यावर बाटली चांगली हलवून अर्धा तास पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावी आणि मगच उघडावी. लिंबू, साखर, मीठ कधीही यंत्रात घालू नये. फेस उसळतो, झाकण चिकटतं. पेल्यात सरबत आधी घ्यावं आणि सोडा कडेनं हळू ओतावा. मीठ तर अगदी शेवटी चिमूटभर, कारण मीठ पडलं की वायू धडाधड बाहेर पडतो. इतकं केल्यावर आठ ग्रॅममध्ये एक लिटर झकास होतो. तरीही तो पस्तीस रुपयांचाच, हे लक्षात असू द्या.

मोठ्या सिलिंडरची यंत्रंही मिळतात. त्यांच्या सिलिंडरमध्ये साधारण चारशे ग्रॅम वायू असतो आणि रिकामा देऊन भरलेला घ्यायचा असतो. जाहिरातीत साठ लिटरचा आकडा असतो. आपल्याला आवडतो तसा झणझणीत सोडा केला तर पंचेचाळीस धरा. लेकीच्या पुण्यातल्या मैत्रिणीला बदलीचे आठशे पडतात, म्हणजे लिटर अठरा रुपयांच्या आत. दुकानापेक्षा लिटरमागे नऊएक रुपये वाचले. पण तिचं यंत्र सहा हजारांचं. रोज दीड लिटर पिणाऱ्या घरातसुद्धा ते सहा हजार वसूल व्हायला सव्वा वर्ष लागेल आणि रोज अर्धा पेला पिणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या घरात तर नातसुनेच्या काळात वसूल होतील. शिवाय आमच्या गावात सिलिंडर बदलून मिळत नाही. कुरिअरनं पाठवायचा, कुरिअरनं मागवायचा, मधले आठ दिवस वाट बघायची.

यावर एका हुशार पोरानं उपाय सुचवला. बाजारपेठेत त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. "काकू, रिकामा सिलिंडर आणा, मोठ्या टाकीतून शंभर रुपयांत भरून देतो." शंभर रुपयांत! मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मैत्रिणींनो, हे अजिबात करू नका आणि का करू नये तेही समजून घ्या, नाहीतर नुसती भीती चार दिवसांत विसरायला होते.

सिलिंडरमध्ये हा वायू दाबाखाली पातळ होऊन बसलेला असतो. वीस अंशांना त्याचा दाब हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट असतो. तापमान एकतीस अंशांवर गेलं की तो पातळ राहूच शकत नाही आणि दाब भराभर चढतो. म्हणून सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, वजन करून, जागा ठेवून भरतात. वेल्डिंगच्या दुकानात ना तसा बारीक वजनकाटा, ना सिलिंडरची तपासणी. जास्त भरलेला सिलिंडर आपल्या चव्वेचाळीस अंशांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला तर तो बॉम्बच. सिलिंडर भरायला परवाना लागतो, त्याचे नियम २०१६ चे आहेत आणि ते बघणारं केंद्र सरकारचं स्फोटक सुरक्षा खातं आपल्या नागपुरातच आहे. दुसरं असं, की वेल्डिंगचा वायू खाण्यापिण्यासाठी शुद्ध केलेला असतो याची हमी नसते. आग विझवण्याच्या सिलिंडरचंही तेच. चाचा टाकी घेताना खाद्यपेयाच्या दर्जाचीच घेतात आणि ती बंद खोलीत न ठेवता हवेशीर जागी ठेवतात, कारण हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरतो.

आता स्वयंपाकघरातला उपाय. खायचा सोडा आणि लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. गटातल्या तिघींनी मला एकाच आठवड्यात सांगितला. पेल्यात चार ग्रॅम खायचा सोडा आणि तीन ग्रॅम लिंबूसत्व घातलं तर दोन ग्रॅमच्या आसपास वायू तयार होतो. खर्च एखादा-दीड रुपया. मजा येते, मुलं टाळ्या वाजवतात. पण त्या चार ग्रॅम सोड्यातून अकराशे मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं, म्हणजे पावणेतीन ग्रॅम मीठ खाल्ल्यासारखं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. अर्धा दिवस एका पेल्यातच संपला! माझ्या सासूबाईंना रक्तदाब आहे, त्यांना मी हा पेला मुळीच देत नाही. ज्या बाईला गरोदरपणात सूज आहे, ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनीही लांबच राहावं. आणि हे मिश्रण काचेच्या बाटलीत घालून बूच लावायचा प्रयोग कुणीही करू नये, बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाते.

जाता जाता सासूबाईंच्या दुसऱ्या समजुतीबद्दल. सोडा प्यायला की ढेकर येते, पोट हलकं वाटतं, "गॅस गेला" म्हणून आपण खूश. आमच्या डॉक्टरांनी हसत हसत सांगितलं, "आजी, जो गॅस गेला तो बराचसा तुम्ही आत्ता प्यायलेलाच होता." सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढच्या वेळी फी दुप्पट होते की काय असं मला वाटलं. त्यांनी सोडा सोडला नाही. मीही आग्रह केला नाही. ऐंशीव्या वर्षी आवडीनं अर्धा पेला पाणी पिण्यासाठी औषधाचं कारण कशाला लागतं?

तर उरला चाचांचा गोळी सोडा. आणि खरं सांगायचं तर मला हाच उपाय आधी सुचायला हवा होता.

गोळीची बाटली आता आपण लग्नाच्या स्टॉलवर गंमत म्हणून बघतो, पण ती डोकेबाज वस्तू आहे. इंग्लंडमधल्या हिराम कॉड नावाच्या माणसानं ती १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढली. बाटली उलटी धरून भरतात, सरळ होताना वायूच्या दाबानंच काचेची गोळी वर जाऊन गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते. बूच नाही, पत्र्याचं झाकण नाही, काही फेकायचं नाही. पाण्यात वायू मुरवण्याची युक्ती त्याच्याही आधीची. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञानं लीड्स गावी दारूच्या भट्टीतल्या पिंपावर पाण्याचं भांडं धरून ती शोधली. गंमत बघा, सोड्याला दारूची संगत जन्मापासूनच! आपल्याकडे हा धंदा वाढवला तो पारशी मंडळींनी. मुंबईत पालनजी १८६५ पासून, पुण्यात अर्देशीर १८८४ पासून. मग हळूहळू तालुक्यातालुक्याला एखादा सोडावाला झाला. आमच्या वडिलांच्या तोंडी राजकीय सभेचं वर्णन असायचं ते "सोडावॉटरच्या बाटल्या उडाल्या" असं. जाड चष्म्यालाही सोडावॉटरची काच म्हणायचे. एवढी घरोब्याची वस्तू, आणि आज आम्ही तीच सोडून पोलादी कुप्या फेकत बसलो.

चाचा दुकानदारांना दोनशे मिलिलिटरची साधी सोड्याची बाटली चार रुपयांना देतात. गाडीवर तीच दहाला. आम्ही म्हटलं, दुकानदाराचा भाव आम्हाला द्या, रोजची बाटल्यांची संख्या आम्ही ठरवून सांगतो, क्रेटची अनामत गट भरेल. चाचा म्हणाले, "घरोघर कोण पोचवेल?" त्यांचा मुलगा तसाही सकाळी रिक्षातून दुकानांना माल टाकतो. आमच्या गल्लीत थांबायला त्याला पाच मिनिटं. बाटल्या धुण्याबद्दल मी जरा खोदून विचारलं, कारण गोळीच्या बाटलीचा गळा अडचणीचा, आत ब्रश नीट जात नाही. त्यांनी धुण्याची टाकी दाखवली, पाणी कुठलं, गाळण कोणती, तेही दाखवलं. अन्नपदार्थांचा परवाना भिंतीवर होता. तुमच्या गावात असा कारखाना असेल तर आधी आत जाऊन हे बघा. घाण पाण्यातले बुडबुडेही दिसायला छानच असतात.

सचिवबाईंच्या घरी आता रोज सात बाटल्या येतात. अठ्ठावीस रुपये. महिन्याला आठशे चाळीस, आधीच्या बाराशेऐवजी. साठच्या साठ टक्के वगैरे जाहिरातीतली बचत नाही, महिन्याला तीनशे साठ रुपये. गटाच्या कर्जाचा हप्ता त्यातून जातो. चौकात कुणाला जावं लागत नाही, हे वेगळं.

२०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले तेव्हा साध्या, बिनसाखरेच्या सोड्यावरचा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला आणि साखर घातलेल्या थंड पेयांवर चाळीस टक्के बसला. दुकानातली बाटली त्या प्रमाणात उतरली का, यावर गटात अजून वाद चालू आहे. माझ्या पिशवीत तरी ती वीसचीच येते.

राहिलं ते यंत्र. मी म्हटलं, चूक माझी, यंत्र मी घेते, चोवीसशे देते. सचिवबाईंनी साफ नकार दिला. "ताई, सही तुमची होती, पण आकडा मी पण तपासायला हवा होता. सचिव कोण आहे?" मग तिनंच डोकं चालवलं. शनिवारच्या बाजारात आमच्या गटाचा पापड-कुरडयांचा स्टॉल असतो. तिथे ती यंत्र घेऊन बसली. एका कार्ट्रिजमध्ये एक लिटर, एका लिटरचे मसाला लिंबूसोड्याचे पाच पेले. वायू पेल्यामागे सात रुपये, लिंबू-साखर-मसाला-बर्फ धरून चार. पेला वीसला. नऊ रुपये सुटतात. घरी पिण्यासाठी जे यंत्र बुडीत होतं तेच विकण्यासाठी परवडलं. गटाच्या परवान्यात पेयांचीही नोंद आम्ही करून घेतली. बाजारातल्या बायका ऊन्हातून येतात, ओट्यावर टेकतात, निवांत पेला संपवतात आणि कुणी त्यांना "पाहुणे आलेत का" म्हणून विचारत नाही. पहिल्या शनिवारी तीस पेले गेले. पोळ्याच्या बाजाराला त्याच्या दुप्पट.

आता चाचा विचारताहेत, शनिवारी कार्ट्रिज कशाला फोडता, माझ्या बाटल्या घ्या, चार रुपयांत पेलाभर सोडा. हिशेबानं चाचाच बरोबर आहेत, पेल्यामागे तीन रुपये जास्त सुटतील. पण सचिवबाई म्हणतात, यंत्राचा फुस्स आवाज ऐकून मुलं थांबतात आणि मुलं थांबली की आया थांबतात. पुढच्या बैठकीत हा विषय आहे. दोघींनी दोन्ही बाजूंचे आकडे मांडून आणायचेत, आणि या वेळी ठरावावर सही करण्याआधी मी ते वाचणार आहे.

परवा संध्याकाळी मी पासबुकं द्यायला त्यांच्या घरी गेले होते. तिचे यजमान अंगणात बाजेवर बसले होते, हातात गोळीची बाटली. मला बघून उठले, दुसरी बाटली आणली, अंगठ्यानं गोळी दाबली. टॉक! "घ्या ताई," म्हणाले, "अकरा महिने झाले." आतून सचिवबाईंचा आवाज आला, "ती आठवी बाटली झाली हो, वहीत लिहा."